शाईच्या डब्यापासून सदतीस बाइटपर्यंत : विकलेली वस्तू नेमकी कोणाची?

न्यूयॉर्कमधील क्रिस्टिना स्कू या बाईंनी एक छपाईयंत्र विकत घेतले. पूर्ण किंमत मोजली आणि यंत्र ताब्यात आले. पुढे सिडनी हेन्री नावाच्या विक्रेत्याने त्यांना त्या यंत्रात चालेल असा शाईचा एक डबा विकला. एवढ्याशा व्यवहारावरून उभा राहिलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि ११ मार्च १९१२ रोजी निकाल लागला : शाई विकणारा पेटंटभंगाला हातभार लावल्याबद्दल दोषी.

हेन्रीची शाई चोरीची नव्हती, बनावट नव्हती, आणि मुळात शाईवर कोणाचे पेटंटच नव्हते. पेटंट होते ते यंत्रावर. तरीही यंत्रात कोणती शाई घालायची हे ठरवण्याचा अधिकार ते विकून मोकळ्या झालेल्या कंपनीकडेच राहिला. कार्ट्रिज बदलल्यावर आजचा प्रिंटर 'हे कार्ट्रिज अस्सल नाही' असे सांगून काम थांबवतो, त्या संदेशाची वंशावळ शोधत मागे गेले तर ती या शाईच्या डब्यापाशी येऊन थांबते.

ते यंत्र म्हणजे मिमिओग्राफ. महाराष्ट्रातील जुनी पिढी त्याच्या भावंडाला 'सायक्लोस्टाइल' म्हणून ओळखते. मेणाच्या कागदावर टंकलेखन करून स्टेन्सिल कापायची, ती यंत्रावर चढवायची आणि शाईचा रूळ फिरवून प्रती काढायच्या. शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि संघटनांची पत्रके कित्येक दशके अशीच निघत. या तंत्रामागचे एक महत्त्वाचे पेटंट थॉमस एडिसनचे, १८७६ सालचे. शिकागोतील ए. बी. डिक या लाकडाच्या व्यापाऱ्याने एडिसनकडून परवाना मिळवला आणि १८८७ पासून एडिसनच्या नावाची जोड देऊन मिमिओग्राफ बाजारात आणला.

डिक कंपनीने यंत्रावर एक पट्टी लावली होती. तिचा आशय असा की हे यंत्र परवान्याच्या अटीवर विकले जात असून ते केवळ ए. बी. डिक कंपनीने बनवलेल्या स्टेन्सिल, शाई व इतर सामग्रीसहच वापरता येईल. यंत्र एकदाच विकले जाते, शाई मात्र वर्षानुवर्षे लागते. कंपनीचा डोळा या पुढच्या मिळकतीवर होता. अट मोडणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला कोर्टात खेचणे परवडणारे नव्हते. म्हणून कंपनीने शाई विकणाऱ्यालाच धरले. ही युक्ती पुढच्या शंभर वर्षांत वारंवार वापरली गेली.

बहुमत निसटते होते, चार विरुद्ध तीन. न्यायमूर्ती लर्टन यांचा युक्तिवाद सरळ होता : पेटंटधारकाला वस्तू मुळीच न विकण्याचा अधिकार आहे, मग अटी घालून विकण्याचा अधिकार त्यातच सामावलेला आहे. वरवर पाहता यात खोट काढणे कठीण. पण सरन्यायाधीश व्हाइट यांनी विरोधी मत नोंदवताना हा तर्क कुठवर ताणता येईल ते दाखवले. एखाद्या इंजिनावर पेटंट असेल तर त्यात जाळायचा कोळसा आणि घालायचे वंगणही इंजिन विकणाऱ्याकडूनच घ्यावे लागेल. स्वयंपाकाच्या भांड्यावर पेटंट असेल तर त्यात काय शिजवायचे हेही भांडेवालाच ठरवील. एका यंत्राच्या पेटंटाच्या जोरावर जगातील कोणत्याही सामान्य वस्तूची मक्तेदारी उभी करता येईल, ही त्यांची भीती होती.

नवल म्हणजे याच न्यायालयाने १८७३ साली जवळजवळ उलटी दिशा दाखवली होती, आणि तीही शवपेटीच्या झाकणावरून! झाकणाच्या एका सुधारित रचनेवर पेटंट होते. बॉस्टनभोवतीच्या दहा मैलांच्या वर्तुळात ती बनवण्याचा व विकण्याचा हक्क एका कंपनीकडे, तर वर्तुळाबाहेरचा हक्क अॅडम्स नावाच्या गृहस्थाकडे होता. अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या बर्कने बॉस्टनमध्ये रीतसर शवपेट्या विकत घेतल्या आणि सतरा मैलांवरच्या नॅटिक गावी दफनासाठी वापरल्या. अॅडम्सने दावा ठोकला. न्यायालयाने तो फेटाळताना म्हटले की ज्या वस्तूचे मोल वापरातच आहे ती हक्कदाराने एकदा विकली आणि तिचे पैसे घेतले, की ती पेटंटच्या मक्तेदारीतून बाहेर पडते. कायद्याच्या भाषेत याला पेटंटहक्काची समाप्ती म्हणतात. वस्तूवरचा पेटंटधारकाचा हक्क पहिल्या विक्रीबरोबर संपतो, हा तो नियम. १९१२ च्या निकालाने त्यालाच भगदाड पाडले.

भगदाड फार काळ उघडे राहिले नाही. मिमिओग्राफच्या निकालावर अमेरिकेत ओरड झाली आणि १९१४ मध्ये अमेरिकी संसदेने क्लेटन कायदा केला. एक वस्तू देताना दुसरी आपल्याकडूनच घ्यायला लावून स्पर्धा दडपण्यास त्याने मनाई केली, आणि वस्तू 'पेटंट असलेली असो वा नसलेली' असे त्यात मुद्दाम लिहिले. (भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम १४० हेही याच जातीचे. पेटंट असलेली वस्तू विकताना दुसरी वस्तू गळ्यात मारणारी अट करारात घालणे ते बेकायदेशीर ठरवते. आपल्याकडे या कलमाची चर्चा क्वचितच होते.)

मग आला चित्रपट. एडिसनच्या पुढाकाराने १९०८ साली स्थापन झालेल्या मोशन पिक्चर पेटंट्स कंपनीच्या परवान्याखाली विकल्या जाणाऱ्या प्रोजेक्टरवर तशीच एक पट्टी असे : यावर फक्त आमच्या परवानाधारकांकडून भाड्याने घेतलेल्या फिती दाखवाव्यात. युनिव्हर्सल कंपनीच्या फिती अशाच एका प्रोजेक्टरवर दाखवल्या गेल्या आणि खटला झाला. ९ एप्रिल १९१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी डिकचा निकाल स्पष्ट शब्दांत रद्दबातल केला. पाच वर्षांपूर्वी अल्पमतात असलेले व्हाइट या वेळी बहुमतात होते. यंत्रावर पट्टी चिकटवून बाजार बांधून ठेवण्याचे दिवस संपले, असे तेव्हा वाटले असेल.

या इतिहासात एक लोककथा हमखास सांगितली जाते : किंग जिलेटने वस्तरे जवळजवळ फुकट वाटले आणि पात्यांवर पैसा कमावला. प्रिंटर कंपन्यांनी हीच युक्ती उचलली, असा तिचा शेवट. कथा गोड आहे, पण कालक्रमाला धरून नाही. जिलेटला १९०४ साली पेटंट मिळाले आणि त्या पेटंटांच्या काळात त्याचा वस्तरा पाच डॉलरना, म्हणजे चांगल्याच चढ्या दराने विकला जात होता. जुन्या नमुन्याचा वस्तरा स्वस्त झाला तो पेटंटे संपण्याच्या सुमारास, १९२१ मध्ये. पेटंटचे कवच असताना यंत्र महाग आणि कवच गळाल्यावर स्वस्त, असा खरा क्रम होता.

आता थेट १९८० च्या दशकात येऊ. कॅनन कंपनीने १९८२ साली घरगुती वापराचे छोटे कॉपियर आणले. त्यांतील टोनरची भुकटी, प्रकाशसंवेदी ड्रम आणि इतर झिजणारे भाग एकाच बदलता येणाऱ्या डबीत बसवलेले होते. बिघडणारे सगळे एका डबीत ठेवायचे आणि डबीच बदलायची, ही कल्पना साधी पण क्रांतिकारक होती. एचपीचा १९८४ चा लेझरजेट कॅननच्याच यंत्रणेवर उभा होता. कारकुनाला आता तंत्रज्ञाची गरज उरली नाही.

पण टोनर संपला तरी डबी संपत नाही. ड्रममध्ये अजून जीव असतो आणि प्लॅस्टिकचे घर धडधाकट असते. एका टोकाला भोक पाडा, भुकटी भरा, भोक बुजवा, की कार्ट्रिज पुन्हा चालू! कल्हईवाल्याची आणि गादी पिंजणाऱ्याची परंपरा असलेल्या समाजाला यात काही नवल वाटायचे कारण नाही. अमेरिकेतही यातून एक मोठा धंदा उभा राहिला. जुनी कार्ट्रिजे गोळा करणारे, ती दुरुस्त करणारे आणि त्या दुरुस्तांना सुटे भाग पुरवणारे.

या धंद्याशी सर्वांत दीर्घ लढाई लढली ती लेक्समार्क कंपनीने. आयबीएमचा टंकलेखन यंत्रांचा व प्रिंटरांचा विभाग १९९१ मध्ये वेगळा झाला, तीच ही केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनची कंपनी. तिने कार्ट्रिज दोन प्रकारे विकायला सुरुवात केली. एक पूर्ण किमतीचे, त्याचे ग्राहकाने काहीही करावे. दुसरे सुमारे वीस टक्के सवलतीचे, मात्र ते एकदाच वापरायचे आणि रिकामे झाल्यावर लेक्समार्कलाच परत करायचे. अट खोक्यावर छापलेली. खोके उघडले की ती मान्य केली असे समजायचे. डिकची पट्टी नव्वद वर्षांनी अशी परत आली.

या वेळी पट्टीला पहारेकरीही मिळाला. सवलतीच्या कार्ट्रिजवर एक नखाएवढी चिप बसवलेली होती. प्रिंटर आणि चिप दोघेही एका गुप्त सूत्राने स्वतंत्रपणे एक संकेत काढत. दोन्ही संकेत जुळले तर छपाई, नाही तर नकार. १९१२ साली अट मोडली गेल्याचे कळण्यासाठी कोणीतरी बातमी द्यावी लागे. आता यंत्रच आपल्या मालकावर नजर ठेवू लागले.

उत्तर कॅरोलायनातील सॅनफर्डची स्टॅटिक कंट्रोल कंपनी दुरुस्तांना सुटे भाग पुरवत असे. तिने या कुलपाची किल्ली बनवली, 'स्मार्टेक' नावाची चिप. ३० डिसेंबर २००२ रोजी लेक्समार्कने तिच्यावर खटला भरला, आणि भरला तो कॉपीराइटच्या कायद्याखाली! कारण चिपमध्ये टोनर किती उरला हे मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम होता आणि स्टॅटिक कंट्रोलने तो जसाच्या तसा उतरवला होता. न उतरवून चालणारेही नव्हते. प्रिंटर त्या प्रोग्रॅमच्या बाइटांची बेरीज तपासून पाही आणि एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी काम थांबवी.

हा प्रोग्रॅम केवढा होता? एका मालिकेच्या प्रिंटरांत ३७ बाइट, दुसऱ्या मालिकेत ५५. संगणकात देवनागरी साठवण्याच्या आजच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे ३७ बाइटांत जेमतेम बारा चिन्हे मावतील, काना-मात्रा धरून. अपील न्यायालयानेच निकालपत्रात नमूद केले की या खटल्याचे नाव इंग्रजीत लिहिले तरी ते यांपैकी कोणत्याही प्रोग्रॅमपेक्षा जास्त जागा घेईल. मोजून पाहिले तर खरेच ते ६३ बाइट भरते.

लेक्समार्कचे दुसरे शस्त्र १९९८ चा डिजिटल कॉपीराइट कायदा हे होते. संगीत आणि चित्रपट यांची चाचेगिरी रोखण्यासाठी केलेला हा कायदा संरक्षक कुलूप फोडणाऱ्या साधनांची विक्री गुन्हा ठरवतो. त्याचा फास आता टोनरच्या डबीभोवती आवळला जात होता. फेब्रुवारी २००३ मध्ये खालच्या न्यायालयाने स्मार्टेकच्या विक्रीला मनाई केली. ऑक्टोबर २००४ मध्ये अपील न्यायालयाने ती उठवली. न्यायमूर्ती सटन यांचा दृष्टान्त कोणालाही समजेल असा होता. घराच्या पुढच्या दाराला कुलूपच नसेल तर मागच्या दाराचे कुलूप घराचे रक्षण करते असे म्हणता येत नाही. प्रिंटर विकत घेणारा कोणीही त्यातील प्रोग्रॅम थेट वाचू शकत होता. मग चिपने अडवले ते काय? लेखनाचा हक्क राखण्यासाठी केलेला कायदा सुट्या भागांच्या बाजाराची राखण करायला नाही, हे त्या वर्षी आणखी एका निकालाने दाखवले. तो खटला गॅरेजचे दार उघडणाऱ्या रिमोटवरून झाला होता.

हरलेली बाजू दमत नसते. स्टॅटिक कंट्रोलने उलट दावा केला होता की आमची उत्पादने बेकायदेशीर आहेत असे सांगून लेक्समार्कने आमचे ग्राहक तोडले. असा दावा करण्याचा तिला अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये एकमताने मान्य केले. तोवर खटल्याला बारावे वर्ष लागले होते.

दरम्यान लेक्समार्क मूळ हत्याराकडे, पेटंटकडे वळली होती. त्याला कारणही होते. १९९२ साली पेटंटविषयक अपील न्यायालयाने एका वैद्यकीय फवारणी उपकरणावरील 'एकदाच वापरा' ही सूचना पेटंटच्या बळावर लागू करता येऊ शकते असे म्हटले होते. १९१७ साली दाराबाहेर काढलेला पाहुणा असा खिडकीतून आत आला. २०१० पासून लेक्समार्कने अनेक दुरुस्त कंपन्यांना कोर्टात ओढले. इतरांनी तडजोड केली. पश्चिम व्हर्जिनियातील चार्ल्स्टनची इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही लहानशी कंपनी तेवढी अडून बसली. फेब्रुवारी २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तिच्याविरुद्ध दहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला.

३० मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. अमेरिकेत विकलेल्या कार्ट्रिजांबाबत आठही न्यायमूर्तींचे एकमत होते. परदेशात विकलेल्यांबाबत एकट्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचा विरोध होता. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आधार घेतला तो एडवर्ड कोक या इंग्रज विधिज्ञाच्या १६२८ सालच्या ग्रंथाचा, म्हणजे शिवनेरीवर शिवजन्म होण्याच्या दोन वर्षे आधीचा. वस्तू पूर्णपणे विकायची आणि पुढे विकू नकोस अशी अटही घालायची, हे मालकीच्या मूळ अर्थाशीच विसंगत आहे, हे त्यातील सूत्र. रॉबर्ट्स यांनी जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजचे उदाहरण दिले. गाडीतील हजारो भागांपैकी प्रत्येकाच्या पेटंटधारकाला असा पुढचा हक्क राहिला तर ते गॅरेज चालणार कसे? सामान्य स्मार्टफोनमध्ये अडीच लाख पेटंटे गुंतलेली असू शकतात, हा न्यायालयापुढे मांडलेला अंदाजही निकालपत्रात आला.

ग्राहकाने कराराचा भंग केला म्हणून त्याच्याशी भांडण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली, पेटंटची वाट मात्र बंद केली. आणि ती बंद केली ती जुन्या, अस्सल कार्ट्रिजापुरती. नव्याने घडवलेल्या नकली कार्ट्रिजाला पहिल्या विक्रीचे कवच मिळत नाही. एप्सनने चिपवरील धातूच्या संपर्कबिंदूंच्या मांडणीवर पेटंटे घेतली होती आणि त्यांच्या आधारे अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०१६ मध्ये अशा कार्ट्रिजांच्या आयातीवर सरसकट बंदी घातली.

इथे एक तपशील असा आहे की कादंबरीकाराने लिहिला असता तर वाचकांनी तो अतिशयोक्तीत काढला असता. २०१५ साली स्टॅटिक कंट्रोल विकत घेतली ती चीनमधील जुहाई शहराच्या एपेक्स कंपनीने. पर्यायी कार्ट्रिजांसाठी चिप बनवणे हाच एपेक्सचा धंदा. पुढच्या वर्षी याच एपेक्सच्या नेतृत्वाखालील गटाने सुमारे ३.६ अब्ज डॉलरना लेक्समार्कही घेतली. म्हणजे २०१७ मध्ये दुरुस्तांचा हात रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात उभ्या असलेल्या लेक्समार्कचा मालक स्वतःच किल्ल्या बनवणारा होता, आणि एकमेकींशी दशकभर भांडलेल्या दोन्ही कंपन्या एकाच घरात नांदत होत्या.

निकालाने चिप मात्र कुठे गेली नाही. पेटंटधारक खटला हरू शकतो. यंत्राला दिलेली आज्ञा तशीच राहते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी एके दिवशी अचानक परकी कार्ट्रिजे नाकारली. आधीच पाठवलेल्या फर्मवेअरमध्ये ती तारीख लपलेली होती. गदारोळानंतर कंपनीने ग्राहकांशी नीट संवाद न साधल्याबद्दल माफी मागितली आणि नको असेल त्यांना जुने वर्तन परत देणारे फर्मवेअर दिले. कॉफीयंत्रे बनवणाऱ्या क्युरिगची मुख्य पेटंटे २०१२ मध्ये संपली आणि २०१४ च्या नव्या यंत्रात झाकणावरची खास शाई ओळखणारा डोळा आला. पेटंट संपले तिथे पहारेकरी बसला. लोकांनी जुन्या अस्सल झाकणाचा तुकडा चिकटवून त्यालाही फसवले.

विकले की हक्क संपतो, हे न्यायालयाने ठामपणे सांगितल्यावर व्यापाऱ्यापुढे एक मार्ग उरतो : विकायचेच नाही. एचपीची २०१३ साली सुरू झालेली शाईची वर्गणी याच मार्गावरची. दरमहा ठरावीक पानांचे पैसे भरायचे. वर्गणी थांबवली की शाई शिल्लक असली तरी त्या योजनेचे कार्ट्रिज बंद. २०२४ मध्ये तर कंपनीने प्रिंटरच भाड्याने देण्याची योजना आणली.

यातही नवे काही नाही. झेरॉक्स कंपनीने १९५९ साली आणलेले ९१४ हे कॉपीयंत्र मुख्यतः भाड्यानेच दिले जाई. महिन्याला ९५ डॉलर, त्यात दोन हजार प्रती, त्यापुढे प्रतीमागे काही सेंट. यंत्र ग्राहकाच्या कचेरीत आणि मालकी कंपनीकडे.

त्याच झेरॉक्सने जुलै २०२५ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलर मोजून लेक्समार्क आपल्याकडे घेतली. तो व्यवहार मात्र भाड्याचा नव्हता; तिथे विक्री पूर्ण झाली.